पोट साफ तर सगळं साफ?

आमच्या लहानपणी महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी सकाळी एरंडेलाचा कार्यक्रम असे. आम्ही पाच भावंडं. आई सुंठीच्या काढ्यात एरंडेल घालून एकेकाला समोर बसवायची आणि कुणी पळून जाऊ नये म्हणून आजी दारात उभी राहायची. ताप असो, अंगावर पुरळ असो की अभ्यासात लक्ष नसो, आजीचं निदान एकच: "पोट साफ नाही." पोट साफ तर सगळं साफ, हा आमच्या घरचा कायदाच होता. मंदावलेला अग्नी हे सगळ्या रोगांचं मूळ, असं आयुर्वेदही सांगतो, त्यामुळे हे खास आपल्याकडचं शहाणपण आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पुढे वाचनात आलं की याच विचारानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिस आणि लंडनचे नामवंत डॉक्टर झपाटले होते, आणि त्यापायी कित्येक माणसं प्राणाला मुकली.

आज हा विषय काढण्याचं कारण आमच्या वहिनी. माझ्या थोरल्या भावाची पत्नी, वय एकोणऐंशी. पाच वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्सचं, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्याचं, निदान झालं. गोळ्यांवर बरं चाललं होतं. मध्यंतरी कुणीतरी घरी पुड्यांचा एक डबा आणून दिला. आतड्यातल्या जिवाणूंचा तोल बिघडला की मेंदूचे आजार होतात, तो तोल सुधारला की मेंदू आपोआप सुधारतो, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. वहिनींनी पुड्या सुरू केल्या आणि कुणालाही न सांगता दुपारची गोळी बंद केली. चौथ्या दिवशी त्यांना खुर्चीतून उठता येईना. हे औषध परस्पर बंद करणं किती धोक्याचं आहे ते डॉक्टरांनी चांगलंच सुनावलं. गोळी पुन्हा सुरू झाली. दोन दिवसांनी मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढं वाचता. हे पोटाचं खरं की खोटं, तेवढं मला सांगा."

मी इतिहासाचा मास्तर, डॉक्टर नव्हे. पण या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि तो मला सांगता येण्याजोगा होता. त्यांना जे सांगितलं तेच जरा नीट मांडून इथे लिहितो आहे.

१८८७ साली शार्ल बुशार या फ्रेंच डॉक्टरांची व्याख्यानं पुस्तकरूपानं आली. अन्न आतड्यात कुजतं, त्यातून विषं तयार होतात, ती रक्तात शिरतात आणि माणूस स्वतःच्याच शरीरातल्या विषानं आजारी पडतो, असं त्यांचं म्हणणं. जंतूंमुळे रोग होतात हे पाश्चर आणि कॉख यांनी नुकतंच सिद्ध केलेलं होतं. त्या काळात हा विचार लोकांना चटकन पटला यात नवल नाही.

या विचाराला मोठं नाव लाभलं ते इल्या मेच्निकॉव्ह यांचं. हा रशियन शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होता. शरीरातल्या काही पेशी जंतूंना गिळून टाकतात हा त्याचा शोध, आणि त्यासाठी १९०८ साली त्याला पॉल एर्लिश यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. माणूसही विलक्षण. पहिली पत्नी क्षयानं गेली तेव्हा त्यानं आत्महत्येचा प्रयत्न केला होता. ऐन तारुण्यात जगणं नकोसं झालेला हा माणूस उतारवयात दीर्घायुष्याच्या ध्यासानं झपाटला. १९०४ साली पॅरिसमध्ये त्यानं वार्धक्यावर जाहीर व्याख्यान दिलं. मोठं आतडं हे जवळजवळ निरुपयोगी असून तिथले कुजवणारे जिवाणू आपल्याला म्हातारं करतात, आणि बल्गेरियातले खेडूत भरपूर आंबट दही खातात म्हणून पुष्कळ जगतात, असं त्याचं प्रतिपादन होतं. दुसऱ्याच वर्षी स्टामेन ग्रिगोरॉव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं त्या दह्यातला जिवाणू जिनिव्हात शोधून काढला. मग काय विचारता! युरोपात दह्याची लाट आली, दह्याच्या जिवाणूंच्या गोळ्या औषधांच्या दुकानात मिळू लागल्या. आज आमच्या वहिनींच्या फडताळात असलेल्या डब्याचे पणजोबाच ते.

मेच्निकॉव्ह स्वतः रोज दही घेत असे. १९१६ साली तो हृदयविकारानं गेला, वय ७१.

दह्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते सुरी हातात घेतलेल्यांमुळे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले सर आर्बथनॉट लेन हे अत्यंत कुशल सर्जन. मोडलेली हाडं पट्टी आणि स्क्रूनं जोडण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांचं मोठं नाव होतं. त्यांच्या मनानं घेतलं की थकवा, डोकेदुखी, उदासपणा, सांधेदुखी या सगळ्याचं मूळ साचलेल्या मळात आहे. मोठं आतडं निरुपयोगीच असेल तर ते काढून का टाकू नये? विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी बद्धकोष्ठाच्या अनेक रुग्णांची, त्यातही बहुतेक स्त्रियांची, मोठी आतडी काढली किंवा वळसा घालून बाद केली. त्यातले काही रुग्ण दगावले.

त्याहून भयंकर प्रकरण अमेरिकेतलं. न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथल्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन. वेडाचं कारण शरीरात कुठेतरी लपलेला जंतुसंसर्ग आहे अशी त्याची खात्री होती. आधी रुग्णांचे दात उपटले, मग टॉन्सिल काढले, तरी सुधारणा नसेल तर मोठं आतडं काढायचं. त्या काळी प्रतिजैविकं नव्हती. आतड्याच्या शस्त्रक्रियेत शंभरातले तीसेक रुग्ण मरत होते, आणि हा त्याचा स्वतःचा आकडा! तरीही आपले ८५ टक्के रुग्ण बरे होतात असं तो जाहीरपणे सांगत असे आणि वर्तमानपत्रं त्याची वाहवा करत. फिलिस ग्रीनेकर या तरुण डॉक्टर बाईंनी रुग्णांच्या नोंदी तपासल्या, काहींना प्रत्यक्ष भेटून पाहिलं. मृत्यू याहून जास्त आणि बरे झालेले फारच थोडे, असं आढळलं. तो अहवाल दडपला गेला. कॉटन १९३३ साली मरेपर्यंत आपल्या मतावर ठाम होता. तो लबाड होता असं मात्र म्हणवत नाही, कारण स्वतःच्या मुलांचेही दात त्यानं उपटवले होते. त्याचा विश्वास खरा होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

या मताला उतार पडला तो साध्या तर्कानं. १९१९ साली वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरांनी विचारलं की बद्धकोष्ठाची डोकेदुखी जर रक्तातल्या विषामुळे असेल, तर शौचाला झाल्याबरोबर काही मिनिटांत ती कशी थांबते? रक्तातलं विष इतक्या लवकर जाईल का? दारू चढलेल्या माणसाची बाटली काढून घेतली म्हणून तो त्या क्षणी शुद्धीवर येत नाही. म्हणजे हा त्रास विषाचा नसून आतड्यावरच्या ताणाचा, मज्जातंतूंमार्फत होणारा. पुढे काही लोकांच्या गुदमार्गात नुसता कापूस भरून पाहिला, तर तीच डोकेदुखी आणि तोच जडपणा आला! १९२१ साली येल विद्यापीठातल्या रेटगर आणि चेप्लिन यांनी दाखवलं की बल्गेरियन दह्यातला तो प्रसिद्ध जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करतच नाही.

झालं. ही कल्पनाच हास्यास्पद ठरली, आणि सुक्याबरोबर ओलंही जळालं. आतड्यातल्या जिवाणूंचा बाकी शरीराशी काही संबंध असेल, हा मूळ प्रश्नसुद्धा प्रतिष्ठित डॉक्टरांनी बरीच वर्षं बाजूला ठेवला.

तो परत आला वेगळ्याच दारानं. प्रतिजैविकं आल्यावर काही रुग्णांना त्या औषधांनंतरच जीवघेणे जुलाब होऊ लागले. १९५८ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये बेन आइसमन या सर्जननं अशा चार अत्यवस्थ रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचा एनिमा दिला. चौघंही वाचले. (वाचकहो, नाक मुरडू नका. चिनी वैद्य गे होंग यानं चौथ्या शतकात असाच उपाय लिहून ठेवला आहे.) १९७८ साली या जुलाबांचा गुन्हेगार सापडला. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा हा जिवाणू एरवी दबून असतो. प्रतिजैविकांनी बाकीचे जिवाणू मारले की त्याला मोकळं रान मिळतं.

आतड्यातला तोल बिघडणं म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलं नाही. त्याची परीक्षाही नीट झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ॲमस्टरडॅमच्या प्रयोगात, हा आजार उलटून आलेल्या १६ रुग्णांना निरोगी दात्याची विष्ठा पातळ करून नळीनं दिली. त्यातले १५ बरे झाले. नुसतं प्रतिजैविक दिलेल्या १३ जणांपैकी बरे झाले फक्त ४. फरक इतका ठळक होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवला. २०२२ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी असा एक उपचार मान्यही केला. मात्र २०१९ मध्ये तिथेच दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारे जंतू गेल्यानं एक रुग्ण दगावला होता, हेही विसरून चालणार नाही.

मग वहिनींच्या आजाराचं काय? जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं पहिलं वर्णन लिहिलं, त्यातच बद्धकोष्ठाचा उल्लेख आहे. हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधी अनेक रुग्णांना हा त्रास सुरू होतो, हे आता पक्कं ठाऊक आहे. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी असा आजार होईल अशा जातीचे उंदीर घेतले. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत लक्षणं कमी दिसली, आणि त्यांच्या पोटात पार्किन्सन्सच्या रुग्णांचे जिवाणू सोडल्यावर ती वाढली. २०१९ साली असंही दिसलं की आतड्यातला एक जिवाणू लेव्होडोपा हे औषध, म्हणजे वहिनींची तीच गोळी, मेंदूपर्यंत पोचण्याआधीच फस्त करू शकतो.

हे वाचून कुणालाही वाटेल की मग घ्याव्यात पुड्या. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. २०२४ साली विष्ठारोपणाचे दोन छोटे प्रयोग पार्किन्सन्सच्या रुग्णांवर झालेले प्रसिद्ध झाले, दोन्हींत पन्नासच्या आतच माणसं. बेल्जियममध्ये वर्षभरानं हालचालींत थोडी सुधारणा दिसली, फिनलंडमध्ये उपयोग दिसला नाही. शिवाय आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न उरतोच. आजारानं आतडं मंदावतं, औषधं बदलतात, खाणं बदलतं, आणि या सगळ्यानं जिवाणूही बदलतात. एका निरोगी माणसाचे जिवाणू दुसऱ्या निरोगी माणसासारखे नसतात, तेव्हा 'योग्य तोल' म्हणून दाखवावा असा एकच नमुना नाही. शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असं त्या पुड्यांच्या कागदावर छापलं होतं. तो जुना अंदाज २०१६ साली दुरुस्त झाला: जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, पेशी सुमारे ३० लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीच. कागद लिहिणाऱ्यानं तेवढंही तपासलं नव्हतं.

हे सगळं सांगून झाल्यावर मी वहिनींना म्हटलं, "पोटाचा संबंध असण्याची शक्यता खरी आहे. त्या पुडीनं मेंदू सुधारतो, हे कुणी दाखवलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वीही लोकांना पहिली गोष्ट दिसली आणि दुसरी सिद्ध झाली असं त्यांनी धरून चाललं. त्यात माणसं गेली."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हात थरथरायच्या आधी आठ-दहा वर्षं मला पोटाचा त्रास होता. मी सगळ्यांना सांगत होते. सगळे म्हणाले, वय झालं."

त्या सगळ्यांमध्ये मीही होतो. मला काही बोलता आलं नाही. तेव्हा कुणी ऐकलं असतं तर आजार टळला असता असं नाही, तसा उपाय आजही हाती नाही. पण त्यांचं ऐकून घ्यायला हवं होतं. कागदावरच्या चार ओळींनी तेवढं केलं, म्हणून तर त्या पुड्यांवर त्यांचा विश्वास बसला.

पुड्यांचा डबा पुतण्यानं डॉक्टरांना दाखवायला नेला आहे. दुपारची गोळी वेळेवर चालू आहे. जेवणानंतर वाटीभर ताक वहिनी पूर्वीपासून घेतात, ते डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलं. पोटाच्या तक्रारीसाठी वेगळं औषधही लिहून दिलं. ते कसलं आहे म्हणून मी नाव वाचू लागलो, तर वहिनी हसून म्हणाल्या, "काही असू दे भाऊजी, एरंडेल नाही ना, तेवढं बघा."