रानातला मुक्काम

रानात रात्र काढणे ही आपल्याकडे एके काळी मुद्दाम सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. लमाणांचे तांडे लादलेले बैल घेऊन घाट चढत-उतरत, तेव्हा पाणी दिसेल तिथे गोण्यांची थप्पी रचून मुक्काम करीत. धनगराचा वाडा आज या माळावर, तर उद्या पलीकडच्या. कातकरी तर हंगामात सारे बिऱ्हाडच खैराच्या रानात हलवी. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून तो कात काढी, आणि त्या कातावरूनच त्याला त्याचे नाव मिळाले. गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि चिमूटभर कापूस एवढ्यावर विस्तव होई. या विद्येला कोणी विद्या म्हणत नसे.

मग रानाला मालक आला. १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे जंगलांचे पहिले कॉन्झर्वेटर झाले. जहाजांना साग हवा होता, पुढे रेल्वेला स्लीपर हवे झाले. १८६४ साली हिंदुस्थानभरचे जंगलखाते निघाले, पण खरा फास बसला तो १८७८ च्या कायद्याने. राखीव, संरक्षित आणि गावरान अशी रानाची वाटणी झाली. राखीव रानात परवानगीवाचून शिरणे हा गुन्हा, गुरे घालणे हा गुन्हा, मनाईच्या दिवसांत विस्तव बाळगणे हाही गुन्हा. १९२७ चा कायदा याचाच वारस, आणि तो अजून चालू आहे.

झाडे राखायला हवी होती, याविषयी माझा वाद नाही. पण कोणापासून? ठाणे-कुलाब्याच्या कुणब्याला भाताचे रोप टाकण्यापूर्वी टहाळ, पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजावा लागतो. तो टहाळ तोडण्यावर बंधने आली, तेव्हा इतकी ओरड झाली की १८८५ साली सरकारला चौकशीचे कमिशन नेमावे लागले. त्याआधीच, १८८३ मध्ये, जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या खात्यावर कोरडे ओढले होते. चराईच्या जागा गेल्या, गुरे कोंडवाड्यात गेली आणि शेतकरी त्यांच्यामागे दंड भरीत फिरू लागला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. किपलिंगचा मोगली आपल्या मुलांना ठाऊक असतो, पण तो मोठेपणी काय झाला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १८९३ सालच्या एका कथेत तो सरकारी जंगलखात्यात नोकरीला लागतो! त्याला नोकरी देणारा साहेब जर्मन आहे, आणि खऱ्या खात्याचे पहिले तीन प्रमुख, ब्रँडिस, श्लिख आणि रिबेनट्रॉप, हेही जर्मनच होते. रानाचे पोर रानात राहायचे, तर पट्टा बांधूनच, हे किपलिंगने न कळत सांगून टाकले आहे. पुढे बेडन पॉवेलने याच मोगलीच्या गोष्टींवर १९१६ साली लहान मुलांची पथके उभारली. तंबू ठोकणे, माग काढणे, चूल पेटवणे यांची शहरी मुलांना पदके मिळू लागली. आमच्या इकडे त्याच चुलीसाठी ठाकराला दंड होत होता.

ही कोंडी फुटली १९३० साली. १० जुलैला पुसदजवळ लोकनायक अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापले. आता, गवताच्या पेंढीने साम्राज्य हलते का, असे हसणारे तेव्हाही होते. पण मीठ समुद्रकाठच्यांचे, रान मात्र गावोगावचे, हे ज्याने ओळखले त्याला मुलूख ठाऊक होता. बिळाशीला राखीव रानातला साग तोडून त्याचाच झेंड्याला खांब केला. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला गोळीबार झाला आणि सत्याग्रही मेले. त्यांत आगरी होते, कातकरीही होते.

स्वराज्य आले तरी कुंपण राहिले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यात शिरायलाही परवाना लागतो. त्यातले पुष्कळसे योग्यच आहे. वाघाला रात्र तरी त्याची हवी. वासोट्याचेच पाहा. १८१८ साली इंग्रजांनी आपले दोन कैदी अधिकारी, हंटर आणि मॉरिसन, याच किल्ल्यातून सोडवले. ज्या गडावर माणसे बळेच ठेवीत, तिथे आता हौसेनेही रात्रीचे राहता येत नाही; बामणोलीहून होडीने गेलेली तरुण मंडळी संध्याकाळच्या आत परततात. त्यांची हळहळ मला कळते. पण त्यांची एक रात्र हुकते. धनगराची वाट हुकते.

२००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा ऋतुमानाप्रमाणे रानात येण्याचा हक्क लिहिला आहे. कागदावरचा हक्क नाक्यावर दाखवावा लागतो, तिथे तो बहुधा अडतो. गडचिरोलीत धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला मात्र २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा पास खात्याकडेच होता. गावाने दोन वर्षे हट्ट धरला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, आणि पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.