पीएच.डी.च्या गाइडशी पटत नाही: सब्र करायचा, बोलायचं की गाइड बदलायचा?

पवना धरणाजवळच्या तिकोणा पेठेतून पुणे विद्यापीठात जायचं तर आधी कामशेत गाठायचं, मग लोणावळा-पुणे लोकल, मग शिवाजीनगरहून बस. एवढं करून पोचावं आणि गाइडने "आज वेळ नाही, पुढच्या आठवड्यात या" म्हणावं! हे गाऱ्हाणं एकट्या मावळातलं नाही, कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या मुलामुलींकडूनही आम्ही ते ऐकतो. घरी सांगितलं तर अब्बू-अम्मी म्हणतात, "उस्तादांशी वाद नको, सब्र कर." उस्तादाचा अदब हवाच. पण अदब म्हणजे तोंड शिवून बसणं नाही, आणि नियम काय सांगतात हे घरच्यांनाही ठाऊक असायला हवं.

आधी त्रास कोणता ते नीट ओळखू या. गाइडला आपलं म्हणणं पटत नाही, तो प्रकरण चार वेळा परत पाठवतो, हा त्रास नाही, ते त्याचं कामच आहे. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण घ्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध मार्च १९२३ मध्ये सादर झाला, पण तसाच स्वीकारला गेला नाही. त्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, आणि तिच्यात काही मुद्द्यांवर आपलं मत वेगळं आहे हेही लिहिलं. मतभेद ठेवून पाठीशी उभा राहणारा गाइड मिळाला तर त्याला सोडू नका.

इरावती कर्वे यांचा मसला जास्त अवघड होता. त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे, पुढे नाझी राजवटीच्या जवळ गेलेले शास्त्रज्ञ. कवटीची ठेवण आणि वंश यांचा संबंध आहे, असं त्यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसा संबंध दिसला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. गाइडच्या मनाविरुद्ध निष्कर्ष मांडूनही डॉक्टरेट मिळाली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी मोठं काम केलं. त्यांची खरी ढाल होती ती मोजमापांची वही.

खरा त्रास वेगळाच असतो. महिनोन्‌महिने भेट न देणं, प्रकरण न वाचताच पडून ठेवणं, स्वतःचे पेपर तपासायला किंवा घरची कामं करायला लावणं, आपल्या लेखावर काम न केलेल्याचं नाव घालायला सांगणं, सही अडवणं. पैसे मागणं तर सरळ गुन्हाच.

कागद काय सांगतो

यूजीसीचे पीएच.डी.बाबतचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. त्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक संशोधन सल्लागार समिती असते, मुलं तिला आरएसी म्हणतात. दर सेमिस्टरला तिच्यासमोर प्रगती मांडायची आणि छोटा अहवाल द्यायचा. समितीच्या शिफारशींची प्रत विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे, असं नियमातच लिहिलंय. ती मागून घ्या. मेख अशी की समितीचे निमंत्रक स्वतः गाइडच असतात. तरी बाकीचे सदस्य तिथे बसलेले असतात. "१० जूनला दुसरं प्रकरण ईमेलने दिलं, अजून अभिप्राय मिळालेला नाही" एवढंच शांतपणे अहवालात लिहिलं तरी पुष्कळ काम होतं. इथे आवाज चढवण्यापेक्षा तारखा उपयोगी पडतात. म्हणून प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाकायचा: सर, आज असं ठरलं, मी अमुक तारखेला तमुक देतो. मसुदे व्हॉट्सॲपवर पाठवण्यापेक्षा ईमेलनेच पाठवा.

आणखी एक गोष्ट. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती २०२२ च्या केंद्रीय नियमांत राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाने स्वतःचा नियम ठेवलाय का, तो लेखी पाहा. तोंडी "पेपर झाल्याशिवाय सही नाही" यावर थांबू नका.

बदलायचंच ठरलं तर

पहिला हिशेब वर्षांचा करा. पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी २. मुलींना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत, म्हणजे एकूण १० पर्यंत. गाइड बदलला म्हणून हे घड्याळ शून्यावर येत नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षी बदल सोपा असतो. प्रबंध जवळजवळ लिहून झाला असेल तर आमचं मत असं की दात-ओठ खाऊन पूर्ण करावा, किंवा सहमार्गदर्शक मागावा.

दुसरा हिशेब जागेचा. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, यापेक्षा जास्त चालत नाहीत. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी राहिलेले शिक्षक नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. म्हणून आधी रिकामी जागा असलेला आणि विषय जुळणारा गाइड शोधा, त्याची संमती मिळवा, मगच अर्ज करा. जुन्याला सोडलं आणि नवा मिळाला नाही, तर मुलगा अधांतरी राहतो. बहुतेक ठिकाणी अर्जासोबत जुन्या गाइडची एनओसी, नव्याची संमती आणि संशोधन केंद्रप्रमुखाची सही लागते. अर्जात भांडण लिहू नका, "विषयाच्या दृष्टीने सोयीचं" एवढं कारण पुरतं. एनओसी अडवली तर केंद्रप्रमुखांना लेखी कळवून पोच घ्या.

तेवढ्यानेही हललं नाही तर तक्रार. यूजीसीच्या एप्रिल २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तक्रार १५ दिवसांत समितीकडे जायला हवी, समितीने पुढच्या १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा. निकाल मान्य नसेल तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं.

मुलीला लैंगिक त्रास होत असेल तर या वाटेने जाऊच नका. थेट अंतर्गत तक्रार समितीकडे जायचं, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. चौकशी चालू असताना त्या शिक्षकाला तिच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येतं. घरच्यांनी "शिक्षणच बंद कर" म्हणून शिक्षा मुलीला देऊ नये.

निकाहनंतर गाव बदललं म्हणून पीएच.डी. सोडलेल्या मुली आपल्यात कमी नाहीत. २०२२ च्या नियमांत विवाहामुळे किंवा इतर कारणाने स्थलांतर झालं तर मुलीला आपलं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची सोय आहे. अट एवढीच की ते काम जुन्या संस्थेच्या निधीवाल्या प्रकल्पाचं नसावं, आणि आधीच्या कामाचं श्रेय तिथल्या संस्थेला व गाइडला द्यावं. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळते.

राहिला पैशाचा मसला. २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली, त्यामुळे दुसरी एखादी फेलोशिप हाताशी असेल तर ती जपायला हवी. गाइड बदलताना फेलोशिपच्या कागदांवर कुणाची सही चालेल, नवं नाव कुठे कळवायचं, हे अर्ज देण्यापूर्वीच विद्यापीठाच्या फेलोशिप विभागात विचारून घ्या, आणि उत्तर ईमेलवर मागा.