बाबासाहेबांना कोणी हरवले? प्रचारातले दावे आणि इतिहासातले आकडे

निवडणूक आली की प्रत्येक पक्षाला बाबासाहेब आठवतात. एक म्हणतो, "काँग्रेसने बाबासाहेबांना दोनदा हरवले." दुसरा म्हणतो, "आम्हीच त्यांना संविधान सभेत नेले." तिसरा म्हणतो, "भारतरत्न आम्ही दिले." आपला तरुण सभेत बसून टाळ्या वाजवतो, घरी येऊन तेच वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलतो आणि ते वाक्य इतिहास म्हणून रूढ होते.

मित्रांनो, हे दावे तपासायचे कशासाठी? कोण खोटारडा आहे हे ठरवण्यापुरते नाही. बहुतेक दावे पूर्ण खोटे नसतातच. ते अर्धे खरे असतात, आणि जो अर्धा भाग गाळलेला असतो त्यातच आपल्या राजकारणाचा मूळ प्रश्न दडलेला असतो.

प्रचाराचे दावे आकड्यांवर घासून पाहण्याची रीत बाबासाहेबांनीच घालून दिली आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांनंतर काँग्रेसने दावा केला की अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व तीच करते. बाबासाहेबांनी त्याला घोषणेने उत्तर दिले नाही. १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी या दाव्याच्या तपासणीला एक स्वतंत्र प्रकरणच दिले. १५१ राखीव जागांपैकी काँग्रेसला ७८ मिळाल्या. बाबासाहेबांनी विचारले, या जागा कोणाच्या मतांनी मिळाल्या? अस्पृश्यांच्या, की सवर्णांच्या? हाच प्रश्न घेऊन आजचे दावे पाहू.

दावा पहिला : काँग्रेसने बाबासाहेबांना दोनदा हरवले

१८ डिसेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एक्सवर काँग्रेसच्या 'पापांची' यादी दिली. बाबासाहेबांना एकदा नव्हे तर दोनदा पराभूत केले, नेहरूंनी त्यांच्याविरुद्ध प्रचार केला आणि त्यांचा पराभव प्रतिष्ठेचा केला, भारतरत्न नाकारले, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये तैलचित्राला जागा दिली नाही. भाजपच्या व्यासपीठांवरून हे मुद्दे पुन्हा पुन्हा येत असतात.

दोन पराभव झाले, हे खरे आहे. पहिला १९५२ मध्ये मुंबई शहर उत्तर मतदारसंघात. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे १ लाख ३८ हजार मते घेऊन निवडून आले. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. दुसरा पराभव १९५४ मध्ये, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत. तिथे काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. दोन्ही ठिकाणी काँग्रेसने उमेदवार दिला, नेहरू त्या काळात काँग्रेसचे अध्यक्षही होते, आणि ज्यांनी संविधान उभे केले त्यांच्यासाठी एक जागा मोकळी सोडण्याचे औदार्य त्या पक्षाला दाखवता आले नाही. काँग्रेसवाल्यांनी हे मान्य केलेच पाहिजे.

पण दावा इथेच थांबतो, आणि आपल्याला पुढे जायचे आहे.

मुंबई शहर उत्तर हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी. एकाच पेटीत दोन्ही मतपत्रिका टाकल्या तर त्यातली एक बाद. म्हणजे राखीव जागेवर कोण बसणार हे एकट्या दलित मतदाराच्या हातात नव्हतेच. मतदारसंघातला प्रत्येक सवर्ण मतदार त्या जागेसाठी मत देत होता, किंवा मुद्दाम देत नव्हता.

बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची युती समाजवादी पक्षाशी होती. सर्वसाधारण जागेवर समाजवाद्यांचे अशोक मेहता उभे होते, आणि त्याच मतदारसंघात कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगेही. निकालानंतर बाबासाहेब आणि मेहता यांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली. ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्याचा मुद्दा तीत होता. राखीव जागेसाठीचे मत कुजवा, असा प्रचार डांगे यांच्या बाजूने झाला, हा आरोप होता. विजयी उमेदवाराचे मताधिक्य होते १४ हजारांच्या घरात आणि बाद मतपत्रिका त्याच्या पाचपट. निवडणूक न्यायाधिकरणाने याचिका फेटाळली, त्यामुळे हा आरोप कायद्याने सिद्ध झाला असे आपण म्हणू शकत नाही. पण त्या लढतीत फक्त काँग्रेस आणि बाबासाहेब होते, हे चित्रही खरे नाही.

भंडाऱ्यात हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. तिथेही दोन जागा होत्या. सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. मतदारसंघ एकच, मतदार तेच, दिवसही तोच. सोबतच्या सवर्ण उमेदवाराला निवडून देणाऱ्या मतदारांपैकी पुरेशांनी आपले दुसरे मत बाबासाहेबांना दिले असते, तर हा निकाल लागला असता का?

हा प्रश्न एकटा काँग्रेसचा नाही. तो संयुक्त मतदारसंघाचा आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा वाढून १४८ झाल्या आणि त्या जागांची किल्ली सवर्ण बहुमताच्या हातात गेली. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात हेच आकड्यांनी दाखवले होते. १९४६ च्या निवडणुकांत फेडरेशनला देशभर जेमतेम दोन जागा मिळाल्या. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मागितले, ते मिळाले नाहीत. मग १९५२ आणि १९५४ मध्ये खुद्द त्यांनाच त्याच व्यवस्थेचा फटका बसला. १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने राखीव जागाच रद्द करा असा ठराव केला, तो याच अनुभवातून.

"काँग्रेसने हरवले" असे म्हणणारा पक्ष पुणे कराराबद्दल बोलतो का? नाही. कारण आज राखीव जागांवर त्याचेही उमेदवार याच पद्धतीने निवडून येतात. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले, पण राखीव जागेचा निकाल बिगर-दलित मतांनी ठरण्याची व्यवस्था तशीच आहे. काँग्रेसला ती सोयीची होती, भाजपलाही सोयीची आहे.

दावा दुसरा : ३७० मुळे राजीनामा

१७ डिसेंबर २०२४ रोजी राज्यसभेत गृहमंत्री अमित शहा यांनी बाबासाहेबांच्या राजीनाम्याची कारणे सांगितली : अनुसूचित जाती-जमातींना मिळणारी वागणूक, परराष्ट्र धोरण आणि कलम ३७०.

इथे अंदाज करण्याची गरजच नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला आणि १० ऑक्टोबरला आपले निवेदन प्रसिद्ध केले. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन-भाषणांच्या चौदाव्या खंडाच्या दुसऱ्या भागात ते आहे. काढून वाचा. नियोजनासारखे खाते मिळाले नाही, मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर घेतले नाही, मागासवर्गीयांसाठीचा आयोग नेमला नाही, अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष झाले, परराष्ट्र धोरण चुकले, ही कारणे तिथे आहेत. शहांच्या यादीतली पहिली दोन कारणे म्हणून बरोबर आहेत. कलम ३७० त्या निवेदनात नाही.

परराष्ट्र धोरणाच्या भागात काश्मीर आहे, पण तिथे बाबासाहेब काय म्हणतात? काश्मीरची फाळणी करा, हिंदू आणि बौद्ध भाग भारताला द्या आणि मुस्लिम भाग पाकिस्तानला. हे मत कोणत्या प्रचारसभेत सांगितले जाते? शेख अब्दुल्लांना बाबासाहेबांनी खडे बोल सुनावल्याचा जो संवाद दरवर्षी फिरतो, तो तर त्यांच्या प्रकाशित खंडांत सापडत नाही.

आणि ज्या कारणाने शेवटी त्यांचा संयम संपला, ते हिंदू कोड बिल या यादीतून गायब झाले. ते का, हे समजायला फार अभ्यास लागत नाही. बिल मागे पडले ते नेहरू सरकारच्या कच खाण्यामुळे. राजेंद्रप्रसादांसह काँग्रेसमधल्या सनातनी मंडळींचा त्याला विरोध होता. पण रस्त्यावर कोण होते? डिसेंबर १९४९ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर या बिलाविरुद्ध सभा घेणारा संघ होता. संसदेत विरोध करणारे श्यामाप्रसाद मुखर्जी होते, ज्यांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये जनसंघ काढला. स्त्रीला वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणाऱ्या कायद्यासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. हे सांगितले, तर सांगणाऱ्याला स्वतःच्या पूर्वजांची बाजूही सांगावी लागेल.

दावा तिसरा : भारतरत्न आणि तैलचित्र

१९५५ पासून भारतरत्न मरणोत्तर देण्याची तरतूद होती. १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्रींना ते तसे दिले गेले. नेहरूंना १९५५ मध्ये आणि इंदिरा गांधींना १९७१ मध्ये, दोघांनाही पंतप्रधानपदावर असताना मिळाले. बाबासाहेबांना मिळाले १९९० मध्ये. काँग्रेसकडे इतकी वर्षे होती आणि तिने दिले नाही. दावा खरा आहे.

पण दिले कोणी? विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या राष्ट्रीय मोर्चा सरकारने. भाजपचा त्या सरकारला बाहेरून पाठिंबा होता, डाव्यांचाही होता. सेंट्रल हॉलमधले तैलचित्र १२ एप्रिल १९९० रोजी लागले, तेही याच सरकारच्या काळात. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती याच सरकारने दिल्या आणि मंडल आयोगाची अंमलबजावणीही याच सरकारने जाहीर केली. मंडलनंतर त्याच वर्षी रथयात्रा निघाली आणि भाजपने पाठिंबा काढून घेतला. श्रेय घ्यायचे तर वर्षभराचा सगळा हिशेब मांडावा लागेल.

संसदेत बाबासाहेबांना जागाच नव्हती, असाही समज या दाव्यातून पसरतो. तो चुकीचा आहे. २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते संसद परिसरात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले होते. २०२४ मध्ये तो मूळ जागेवरून हलवला गेला.

दावा चौथा : काँग्रेसने संविधान सभेत नेले

आता काँग्रेसकडे वळू. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाता आले नाही. ते गेले बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर. फाळणीमुळे ती जागा गेली. मग राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले आणि जुलै १९४७ मध्ये, मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या जागेवर, बाबासाहेब मुंबईतून निवडून आले. म्हणजे दुसऱ्यांदा काँग्रेसने नेले हे खरे, पण पहिल्यांदा दार उघडले ते बंगालच्या नमशूद्र नेतृत्वाने. काँग्रेसच्या भाषणात मंडल यांचे नाव ऐकले आहे का?

इथे आपल्या व्यासपीठांवरचा एक दावाही तपासू. "जेसोर-खुलना मतदारसंघाने बाबासाहेबांना निवडून दिले, म्हणून ते जिल्हे मुद्दाम पाकिस्तानला दिले," असे आपले वक्ते सांगतात. संविधान सभेसाठी असा मतदारसंघच नव्हता. सदस्य निवडत होते प्रांतिक विधानसभांचे आमदार. बंगालची विधानसभाच दुभंगली, म्हणून जागा गेली. मंडल यांचे ऋण मोठेच आहे, त्याला या कथेची गरज नाही. उलट विरोधकाने ही एक चूक दाखवली की आपली बाकीची खरी मांडणीही संशयात जाते.

मग करायचे काय?

पुढचा दावा कानावर आला की तीन गोष्टी पाहा. मूळ कागद कोणता? बाबासाहेबांचे खंड, निवडणूक आयोगाचे १९५१-५२ चे अहवाल, संसदेतील चर्चा, हे सगळे आज मोबाइलवर मिळते. दुसरे, पूर्ण वाक्य काय आहे आणि त्याच्या पुढचे वाक्य काय आहे? तिसरे, हा दावा करणाऱ्याने कोणता प्रश्न टाळला? प्रत्येक वस्तीत दोन-तीन तरुणांनी हे काम अंगावर घेतले आणि खंड हाताशी ठेवले, तरी पुरेसे आहे.

मग मते मागायला येणाऱ्याला आपण विचारू शकतो. साहेब, बाबासाहेबांना कोणी हरवले ते आम्हाला माहीत आहे. ज्या व्यवस्थेने हरवले ती बदलणार का? राखीव जागेवरचा तुमचा आमदार अ‍ॅट्रॉसिटीच्या प्रकरणात पक्षादेश झुगारून बोलेल का? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात मिळालेले नाही. मिळेपर्यंत विचारत राहू.

जय भीम!