विसार कुणाच्या खिशात? मुंबई–जेद्दा आगबोटींच्या तिकिटांची कथा

आज क्रूझचे आरक्षण करणाऱ्याच्या हाती पावतीबरोबर रद्द-शुल्काचा एक तक्ता पडतो. बोट सुटायला जितके दिवस कमी उरलेले, तितका परतावा कमी. आणि अगदी शेवटच्या दिवसांत बेत रद्द केला तर हाती काहीच नाही. उतारूने ऐनवेळी माघार घेतल्यास कंपनीचे नुकसान होऊ नये, हा या तक्त्यामागचा हेतू. पण एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई बंदरात प्रश्न नेमका उलटा होता. उतारू पैसे मोजून धक्क्यावर उभा असे आणि बोटच सुटत नसे.

हे उतारू म्हणजे हजचे यात्रेकरू. मुघल काळात हिंदुस्थानातून मक्केला जाणाऱ्यांचे मुख्य बंदर सुरत होते. एकोणिसाव्या शतकात तो मान मुंबईकडे आला. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, तांबड्या समुद्रातली आगबोटींची वर्दळ वाढली, रेल्वेने उत्तरेकडचे आणि बंगालकडचे यात्रेकरू थेट मुंबईत आणून सोडले. ज्या प्रवासाला शिडाच्या गलबतातून वाऱ्याची मनधरणी करावी लागे, तो आता साधारण दोन आठवड्यांवर आला. वर्षानुवर्षे पै-पै साठवणाऱ्या विणकराला, शेतकऱ्याला, विधवेलाही मक्का आवाक्यात वाटू लागली. त्यांच्याबरोबर मुंबईत एक धंदाही फोफावला. तो होता तिकीटदलालांचा.

या धंद्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. आगबोटीचा मालक किंवा ती भाड्याने घेणारा व्यापारी दलालाला दर उतारूमागे दलाली देई. म्हणजे दलाल बोलत असे यात्रेकरूच्या भाषेत, पण पोट भरत असे ते बोटवाल्याच्या पैशावर. रेल्वे स्टेशनवर यात्रेकरू उतरला की त्याला गाठायचे, मुक्कामाची सोय दाखवायची, ‘बोट परवा सुटते’ असे सांगून तिकीट त्याच्या गळ्यात मारायचे. परवाची तेरवा होई, मग पुढचा आठवडा. बोट पुरेशी भरल्याखेरीज हलवणे मालकाला परवडत नसे आणि ती कधी भरेल हे कुणालाच ठाऊक नसे. दरम्यान दुसऱ्या कंपनीची बोट आली, की स्पर्धेत भाडे कोसळे. काल चढ्या दराने तिकीट घेतलेला माणूस आज निम्म्यात जाणाऱ्या शेजाऱ्याकडे बघत बसे. पैसे परत मागायची सोय जवळपास नव्हतीच.

यात यात्रेकरूची खरी अडचण पैशाची नव्हती, तिथीची होती. हज वर्षातून एकदाच, जिल्हिज महिन्याच्या ठरलेल्या दिवसांत होतो. तो दिवस हुकला तर वर्ष हुकले. विकणाऱ्याला घाई नाही आणि घेणाऱ्याला एक दिवसही पुढे ढकलता येत नाही, अशा सौद्यात भाव कोण ठरवणार हे सांगायला नको. त्यातच इस्लामी वर्ष चांद्र असल्याने हज दर साली दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो ऑगस्ट-सप्टेंबरात येत होता, म्हणजे मुंबईतली ही प्रतीक्षा नेमकी भर पावसाळ्यात. डेकवरच्या उतारूने प्रवासाचा शिधा स्वतःच आणायचा असे. बोट लांबली की तो शिधा मुंबईतच संपू लागे आणि गाठीचे पैसेही.

त्यात १८८० चा ‘जेद्दा’ बोटीचा प्रकार घडला. जवळपास हजार यात्रेकरूंना घेऊन निघालेली ही आगबोट सिंगापूर आणि पेनांगकडून येत होती, मुंबईची नव्हती. वादळी समुद्रात ती गळू लागली, तेव्हा कप्तान आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी उतारूंना तसेच सोडून पळ काढला आणि एडनला पोचून बोट बुडाल्याची वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या एका आगबोटीने ओढत आणलेली ‘जेद्दा’ उतारूंसह एडनच्या बंदरात शिरली. जोसेफ कॉनरॅडच्या ‘लॉर्ड जिम’ कादंबरीचे बीज या घटनेत आहे. कादंबरी पळालेल्या अधिकाऱ्याच्या मनाचा शोध घेते. मागे राहून पाणी उपसणाऱ्या यात्रेकरूंची नावे मात्र वाङ्मयात आली नाहीत. यात्रेकरूंची वाहतूक व्यापाऱ्यांच्या मर्जीवर सोडून भागणार नाही, ही जाणीव सरकारदरबारी बळावण्यास असे प्रसंग कारण झाले.

सरकारची स्वतःची एक डोकेदुखी होतीच. बरेच यात्रेकरू फक्त जाण्याचे तिकीट काढत. परतीच्या वेळी जेद्दात निर्धन होऊन अडकलेल्या ब्रिटिश प्रजाजनांचे काय करायचे, हा प्रश्न तिथल्या ब्रिटिश वकिलातीपुढे दरवर्षी उभा राही. सर्वांना परतीचे तिकीट सक्तीचे करावे, हा उपाय समोर दिसत होता. पण १८५७ चा उठाव फार जुना झाला नव्हता आणि राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप न करण्याचे अभिवचन होते. हजच्या वाटेवर पैशाची अट घालणे म्हणजे धर्मात हात घालणे, असा बोभाटा होण्याची धास्ती अधिकाऱ्यांना होती.

या पेचातून वाट काढण्यासाठी हिंदुस्थान सरकारने १८८६ साली थॉमस कुक अँड सन या कंपनीला हाताशी धरले. याच कंपनीचे संस्थापक थॉमस कुक यांनी १८४१ साली लेस्टरहून लफबरोला मद्यपानविरोधी मंडळींची रेल्वेसहल एका शिलिंगात नेली होती. पुढे त्यांची कुपने आणि प्रवासी नोटा जगभर चालू लागल्या. १८८४ मध्ये खार्टूममध्ये वेढलेल्या गॉर्डनच्या सुटकेसाठी निघालेली ब्रिटिश फौज नाईलमधून नेण्याचे कामही या कंपनीने केले. तेव्हा सूत्रे थॉमस यांचे पुत्र जॉन मेसन कुक यांच्या हाती होती. एवढ्या फौजेची ने-आण करणाऱ्यास यात्रेकरूंची करणे कितीसे अवघड, असा हिशेब असावा.

योजना कागदावर देखणी होती. रेल्वे आणि आगबोट यांची सांगड घालायची, भाडे आधी जाहीर करायचे, प्रस्थानाची तारीख पाळायची आणि तोटा आलाच तर तो सरकारने भरून द्यायचा. यात्रेकरूचा विसार प्रथमच अशा हाती जाणार होता, ज्याला बोट अडवून धरण्यात फायदा नव्हता. मात्र सरकारने कुकना मक्तेदारी दिली नाही. इतर बोटवाले, त्यांचे दलाल, मक्केतल्या मुतव्विफांचे हिंदुस्थानात फिरणारे हस्तक, सगळे जागच्या जागी राहिले. मुतव्विफ म्हणजे यात्रेकरूंना हजचे विधी करवणारे वाटाडे. त्यांच्याशी अनेक घराण्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते. गावात येऊन, घरी बसून, आपल्या भाषेत बोलणारा माणूस सोडून इंग्रज कंपनीच्या छापील तिकिटावर भरवसा ठेवण्यास सामान्य यात्रेकरूला कारण काय होते? दलाल त्याला लुबाडतही असेल, पण तो ओळखीचा होता. कुकच्या दरांहून थोडे खाली उतरणे स्पर्धकांनाही अवघड नव्हते. तोटा दरसाल सरकारच्या माथी येऊ लागला आणि १८९३ मध्ये हा प्रयोग गुंडाळला गेला. त्याचे अपयश कुक यांच्या व्यवस्थापनाहून अधिक सरकारच्या अर्ध्या मनाचे होते. सुधारणेचे श्रेय हवे, पण बाजाराला आणि भावनांना धक्का नको, अशा बेताने दलालांचा बाजार मोडत नसतो.

दलालांना परवाने, तिकिटांच्या व्यवहारावर देखरेख, बोटीत माणशी किती जागा असावी याचे नियम असे कायदे १८८० आणि १८९० च्या दशकांत होत गेले. १८९७ मध्ये मुंबईतल्या प्लेगमुळे हजची वाहतूकच रोखण्यात आली. परतीच्या तिकिटाचा वाद मात्र मिटला नाही. १९१३ च्या सुमारास बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, म्हणजे पुढची ‘मुघल लाइन’, परतीच्या तिकिटांसह हजच्या वाहतुकीचा एकहाती ताबा मागत असल्याचे दिसताच मुसलमानांत मोठा विरोध उसळला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या अंजुमन-इ-खुद्दाम-इ-काबा या संस्थेचे शौकत अली मुंबईत येऊन यात्रेकरूंच्या सोयीच्या कामात उतरले.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे नुसते भावनिक नव्हते. परतीचे तिकीट एका कंपनीचे. ती कंपनी जेद्दात बोट उशिरा आणील तर डोळ्यांदेखत दुसऱ्या बोटी निघून जाताना उन्हात बसून राहायचे. कुणाला मदिनेत अधिक काळ राहायचे असे, कुणाला दुसऱ्या वाटेने परतायचे असे. आणि कित्येक वृद्ध यात्रेकरूंची इच्छाच पवित्र भूमीत देह ठेवण्याची असे. अशा माणसाकडून परतीचे भाडे घेणे म्हणजे त्याने मनोमन नाकारलेल्या प्रवासाचे पैसे घेणे होते.

अखेर मर्चंट शिपिंग कायद्यात १९२५ साली दुरुस्ती झाली, ती या दोन्ही बाजूंना मधोमध गाठणारी होती. यात्रेकरूने परतीचे तिकीट दाखवावे, नाहीतर परतीच्या भाड्यापुरती अनामत सरकारी अधिकाऱ्याकडे ठेवावी. अनामत सरकारकडे राहिल्याने माणूस एका कंपनीच्या दावणीला बांधला जात नव्हता. जाहीर केलेल्या तारखेला बोट न सुटल्यास उतारूंना दर दिवसामागे ठरावीक भरपाई देण्याची जबाबदारीही कायद्याने मालकावर आणि एजंटावर टाकली. पन्नास वर्षांपूर्वी धक्क्यावर शिधा संपवत बसलेल्यांना जे कुणी दिले नव्हते, ते हे.

मृत्यूचा विचारही कायद्याने केला होता. यात्रेकरू हिजाझमध्ये किंवा जातानाच्या प्रवासात वारला, तर त्याची अनामत, किंवा परतीचे तिकीट असल्यास भाड्याची निम्मी रक्कम, त्याने लेखी नेमलेल्या माणसाला परत मिळे. कुणी नेमलेले नसल्यास कायदेशीर वारसाला. त्यामुळे मुंबईहून निघण्यापूर्वी, आपण परतलो नाही तर हे पैसे कुणाला द्यावेत, त्याचे नाव यात्रेकरू लिहून ठेवू शकत असे. मुंबईहून हजची शेवटची बोट १९९५ साली सुटली.