लेखन केंद्र (उच्च शिक्षण)

लेखन केंद्र ही महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना अभ्यासविषयक लेखनासाठी, तसेच त्या लेखनामागील वाचनासाठी, व्यक्तिगत मार्गदर्शन देणारी व्यवस्था होय. निबंध, प्रकल्प-अहवाल, शोधनिबंध, प्रबंध, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा कोणत्याही लेखनाचा कच्चा खर्डा घेऊन विद्यार्थी येथे येतो आणि प्रशिक्षित मार्गदर्शकाशी साधारणतः अर्धा ते एक तास चर्चा करतो. खर्डा तयार नसला, केवळ विषय हाती असला, तरी चालते. मार्गदर्शक गुण देत नाही आणि तो परीक्षकही नसतो. त्यामुळे आपल्याला काय समजलेले नाही हे विद्यार्थी त्याच्यापुढे मोकळेपणाने सांगू शकतो. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत या सेवेसाठी विद्यार्थ्याला वेगळे शुल्क द्यावे लागत नाही.

इतिहास

हार्वर्ड विद्यापीठाने १८७४ साली प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखनाचा समावेश केला. पुढे अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम शिकवण्याची प्रथा रूढ झाली. मात्र मोठ्या वर्गात प्रत्येकाच्या लेखनाकडे लक्ष देणे शिक्षकाला शक्य होत नसे. या अडचणीतून ‘लेखन प्रयोगशाळा’ निघाल्या. आयोवा विद्यापीठात कॅरी स्टॅन्ली यांनी १९३४ च्या सुमारास सुरू केलेली प्रयोगशाळा ही आरंभीच्या अशा प्रयोगशाळांपैकी एक मानली जाते.

या चळवळीला खरे वळण मिळाले ते १९७० साली. त्या वर्षी न्यूयॉर्क नगर विद्यापीठाने शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला प्रवेशाची हमी दिली. कामगारांची, स्थलांतरितांची, कृष्णवर्णीयांची मुले मोठ्या संख्येने महाविद्यालयात आली. त्यांतील अनेकांच्या घरात पूर्वी कोणी उच्च शिक्षण घेतले नव्हते. या विद्यार्थ्यांच्या लेखनाचा बारकाईने अभ्यास करून मिना शॉनेसी यांनी १९७७ साली ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. या चुका आळसातून किंवा बुद्धिमांद्यातून होत नाहीत, त्यांमागे स्वतःचे एक तर्कशास्त्र असते, हे त्यांनी सोदाहरण दाखवले. वहीवर तांबड्या शाईच्या खुणा करून थांबणाऱ्या शिक्षकाला हा ग्रंथ आजही विचार करावयास लावतो. त्याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन महाविद्यालयात केनेथ ब्रुफी यांनी विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याची पद्धत रुजवली.

पर्ड्यू विद्यापीठाची लेखन प्रयोगशाळा म्युरिएल हॅरिस यांनी १९७६ साली सुरू केली. १९९४ पासून तिचे साहित्य महाजालावर उपलब्ध झाले. संदर्भ कसे द्यावेत यासाठी भारतातील विद्यार्थीही ते वापरतात. जर्मनीतील बीलेफेल्ड विद्यापीठात १९९३ साली अशी प्रयोगशाळा निघाली. ब्रिटनमध्ये रॉयल लिटररी फंड ही संस्था १९९९ पासून व्यावसायिक लेखकांची विद्यापीठांत नेमणूक करून विद्यार्थ्यांना साहाय्य देते.

कार्यपद्धती

विद्यार्थी वेळ ठरवून येतो. बहुधा त्याला आपले लेखन मोठ्याने वाचावयास सांगितले जाते, कारण डोळ्यांतून निसटलेली चूक पुष्कळदा कानाला खटकते. प्रथम मुख्य प्रतिपादन, मुद्द्यांचा क्रम आणि पुरावे यांचा विचार होतो. वाक्यरचना व शुद्धलेखन नंतर. जो परिच्छेद पुढे गाळावाच लागणार आहे त्यातील ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात काही हशील नसते.

उदाहरणार्थ, सत्यशोधक समाजावरील निबंध एखाद्या विद्यार्थ्याने महात्मा फुले यांच्या जन्मापासून आरंभला आणि १८७३ साली समाजाची स्थापना होईपर्यंत निम्मी पाने संपली, तर मार्गदर्शक ती पाने स्वतः खोडत नाही. ‘या निबंधात कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे?’ असे तो विचारतो. उत्तर तोंडी मिळाले की ते लिहावयास सांगतो. निबंधाचे पहिले वाक्य अनेकदा तेथेच सापडते. लेखणी विद्यार्थ्याच्याच हाती राहिली पाहिजे, हा या कामातील जुना संकेत आहे.

स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ साली लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात, केंद्राचे काम हाती आलेला लेख सुधारणे नसून लिहिणारा घडवणे हे आहे, अशी भूमिका मांडली. मुद्रितशोधनाची अपेक्षा धरून येणाऱ्या विद्यार्थ्याची त्यामुळे निराशा होते. या संकेतावर टीकाही झाली आहे. लिंडा शमून व डेबोरा बर्न्स यांनी १९९५ साली दाखवून दिले की, काही प्रसंगी जाणकाराने करून दाखवणे हीच शिकवण्याची योग्य रीत असते. परभाषेत लिहिणाऱ्याच्या बाबतीत हा आक्षेप विशेष खरा ठरतो. जो वाक्प्रयोग विद्यार्थ्याने कधी ऐकलेलाच नाही, तो कितीही प्रश्न विचारले तरी त्याला आठवणार कसा?

वाचनसाहाय्य

पुष्कळदा लेखनातील अडचणीचे मूळ वाचनात असते. पंचवीस पानांचा शोधनिबंध पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत शब्दकोश उघडून वाचणारा विद्यार्थी थकतो आणि अखेरीस मूळ वाक्ये तशीच उतरवून घेतो. फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली ‘इफेक्टिव्ह स्टडी’ या पुस्तकात पाहणी, प्रश्न, वाचन, आठवून सांगणे आणि उजळणी अशी पाच टप्प्यांची रीत मांडली. सारांश आणि निष्कर्ष आधी पाहावेत, प्रश्न मनात धरून वाचावे, पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगून पाहावे, असा तिचा व्यावहारिक अर्थ. यांतील चौथी पायरीच बहुधा गाळली जाते, आणि तीच सर्वांत उपयोगाची असते.

भारतातील स्थिती

भारतात स्वतंत्र लेखन केंद्रे थोडी आहेत. सोनीपत येथील अशोका विद्यापीठातील लेखन व संप्रेषण केंद्र हे त्यांपैकी एक. अन्यत्र हे काम विखुरलेले आढळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्गांची योजना राबवली. परंतु ते वर्ग प्रामुख्याने परीक्षेच्या विषयांचे असत.

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत लिहावे लागणाऱ्यांची अडचण दुहेरी असते. भाषा नवी असते, आणि स्वतःचे मत पुराव्यानिशी मांडण्याचा लेखनप्रकारही नवा असतो, कारण शाळेत प्रश्नोत्तरांचा सराव झालेला असतो. मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यालाही मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम पाठ असून भागत नाही. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य दंडनीय नाही. १० ते ४० टक्के आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. साम्य मोजणारी संगणकप्रणाली टक्केवारी दाखवते, दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत कसे मांडावे हे शिकवत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांगत्वात झाला आहे. परीक्षेत लेखनिकाची आणि तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळेची सवलत पात्र विद्यार्थ्यांना मिळते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागत असल्याने अर्ज सत्राच्या आरंभीच करणे इष्ट असते. वर्षभराच्या वाचनासाठी लागणारी मदत मात्र या सवलतीत येत नाही. ती विभागातील शिक्षक, ग्रंथपाल किंवा पुढच्या वर्गातील विद्यार्थी यांच्याकडून मिळवावी लागते.