घरातल्या जुन्या कॅसेट डिजिटल करताना: कोणता फॉरमॅट, किती क्वालिटी?

नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीत जुन्या कॅसेट पडून आहेत. माळेगावच्या यात्रेतली वाघ्या-मुरळीची गाणी, आराध्यांची गाणी, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, भीमजयंतीचा गायनाचा कार्यक्रम, नाहीतर आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. बाजारात विकली गेलेली गाणी आज ना उद्या यूट्यूबवर सापडतील. घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटची मात्र दुसरी प्रत कुठेच नसते. ऊन, धूळ आणि दमट हवेने टेप दरवर्षी थोडी थोडी खराब होत जाते. म्हणून पहिली डिजिटल प्रत कशी काढली जाते, याला फार महत्त्व आहे.

फॉरमॅटमध्ये फरक काय?

फॉरमॅटचे मुख्य प्रकार तीन.

वेव्ह: आवाज जसाच्या तसा. फाइल मोठी.

फ्लॅक: झिप फाइलसारखा. आकार कमी होतो, पण आवाजातलं काहीही गळत नाही. २००१ पासून हा फॉरमॅट सर्वांसाठी मोफत आहे.

एमपी३, एएसी, ओपस: कानाला सहसा जाणवत नाही असा आवाजाचा भाग काढून टाकतात. फाइल लहान होते, पण काढलेला भाग परत येत नाही.

एका तासाच्या कॅसेटला किती जागा लागते?

- वेव्ह (४८ किलोहर्ट्झ, २४ बिट): सुमारे १ जीबी
- फ्लॅक (तीच क्वालिटी): साधारण ५०० ते ७०० एमबी
- एमपी३, ३२० केबीपीएस: १४४ एमबी
- एमपी३, १९२ केबीपीएस: ८६ एमबी
- एमपी३, ६४ केबीपीएस: २९ एमबी

मग निवड कशी करायची?

दोन प्रती ठेवा. एक जपण्यासाठी, एक ऐकण्यासाठी.

जपायची प्रत फ्लॅक किंवा वेव्हमध्ये असावी. ध्वनी संग्रहालयांच्या ‘आयसा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवले आहेत. घरच्या कॅसेटला तेवढे पुरेसे आहेत.

मोबाइलसाठी त्याच फाइलवरून १९२ केबीपीएसची एमपी३ काढा. साध्या टेपरेकॉर्डरवरच्या रेकॉर्डिंगमध्ये मुळात बारीक आवाज कमी असतात, त्यामुळे ३२० ने फारसा फरक पडत नाही. नुसतं कीर्तन किंवा बोलणं असेल तर ६४ केबीपीएस मोनोही चालतं.

कॅसेट दुकानात देणार असाल तर आधीच सांगा, “वेव्ह फाइल पाहिजे.” फक्त एमपी३ मिळाली तर तेवढ्यावरच भागवावं लागेल.

नेहमी होणाऱ्या चुका

एमपी३ची फ्लॅक करणे. याने फाइल फुगते, क्वालिटी वाढत नाही. पाणी घातलेल्या दुधाला स्टीलच्या कॅनमध्ये ओतलं तरी पाणी निघून जात नाही, तसंच हे.

स्पीकरसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करणे. यात पंख्याचा आणि रस्त्याचा आवाजही येतो. टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउट किंवा हेडफोनच्या पिनमधून वायरने कॉम्प्युटरला जोडा. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. आवाजाची पातळी लाल रेषेला लागू देऊ नका. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

हेड साफ न करणे. हेडवर धूळ असली की आवाज दबका येतो. रेकॉर्डिंगआधी कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड पुसा.

मूळ फाइलवरच खरखर काढणे. खरखरीबरोबर टाळ-झांजांचा आवाजही जातो. साफसफाई कॉपीवर करा.

व्हॉट्सअॅपवर वाजवून व्हॉइस नोट पाठवणे. ती बोलण्यासाठी दाबून लहान केलेली असते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

नावाशिवाय फाइल निरुपयोगी

‘ट्रॅक ०१’ हे नाव दहा वर्षांनी काहीच सांगणार नाही. कोण गातंय, कुठलं गाव, कोणता प्रसंग, कोणतं वर्ष, एवढं फाइलच्या नावातच लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. ओवी कुणाची आणि कुठल्या गावची, ही नोंद सोबत असल्याने तो संग्रह आज अभ्यासाला उपयोगी पडतो.

कॅसेटमधला आवाज ओळखणारी माणसं घरात आहेत तोवर हे विचारून घ्या. शेवटी एक प्रत घरी आणि दुसरी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे ठेवा. कॅसेट मात्र फेकू नका.