पेंढ्यावरची भाजी

काल रात्री आमच्याकडे साधाच बेत होता. धिंगरीची भाजी, तांदळाची भाकरी आणि हिरव्या टोमॅटोची चटणी. धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम. मागच्या पडवीत टांगलेल्या पिशवीतून सकाळीच काढलेली. टोमॅटो, मिरच्या, कढीपत्ता परसातला. कांदा, लसूण आणि तांदूळ तेवढे विकतचे. जेवता जेवता मनात आले, की या ताटामागे केवढा तरी इतिहास आहे आणि त्यातला एक लहानसा तुकडा माझा स्वतःचा आहे. तो काही अभिमानाचा नाही. म्हणूनच लिहून ठेवते.

आधी पिशवीविषयी. भाताचा कोरडा पेंढा बोट-दोन बोट लांब कापायचा, रात्रभर पाण्यात भिजवायचा आणि दुसऱ्या दिवशी तासभर कढत पाण्यात ठेवायचा. निथळून गार झाला की प्लॅस्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा एक थर, बियाण्याचा एक थर असे भरत जायचे. हे बियाणे म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. पिशवीला भोके पाडून ती अंधारात ठेवली की पंधरा-वीस दिवसांत आतला पेंढा पांढऱ्या धाग्यांनी घट्ट बांधला जातो. मग पिशवी कापून काढायची आणि रोज पाणी शिंपडायचे. चार-पाच दिवसांत कळ्या फुटतात आणि बघता बघता पंख्यासारखी पसरतात. किलोभर कोरड्या पेंढ्यातून तीन तोड्यांत अर्धा-पाऊण किलो धिंगरी सहज मिळते.

ही विद्या जुनी नाही. धिंगरीच्या लागवडीचा पहिला यशस्वी प्रयोग जर्मनीत फाल्क यांनी १९१७ मध्ये केला, झाडांच्या खोडांवर. साल पाहिले की इतिहासाच्या शिक्षकाचे कान टवकारतात. पहिले महायुद्ध चालू होते. इंग्रजांच्या नाकेबंदीने बाहेरून धान्य येईना, १९१६ साली बटाट्याचे पीक बुडाले आणि त्या हिवाळ्यात एरवी गुरांना घालायचे कंद खाऊन जर्मन लोकांनी दिवस काढले. मी वर्षानुवर्षे हे युद्ध शिकवले. साराजेव्हो, व्हर्सायचा तह, कलमे, तारखा. पण त्या हिवाळ्यात लोक काय जेवत होते, हे एकदाही सांगितले नाही. परीक्षेला येत नव्हते ना!

आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये धिंगरीची एक जात भाताच्या पेंढ्यावर वाढवून दाखवली. खोडाऐवजी पेंढा! त्यामुळे ज्याच्या दारात भाताची उडवी आहे, त्याला हे पीक घेणे शक्य झाले.

मात्र पेंढ्यावरची छत्री आपल्या पूर्वजांना अगदीच अनोळखी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाच्या अध्यायात भाज्यांमध्ये या छत्र्यांचीही नोंद आहे. पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, वेळूवरची आणि जमिनीतली, असे प्रकार करून त्यांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत. पेंढ्यावरची मधुर म्हटली आहे. ते लोक त्या मुद्दाम पिकवत होते असे यावरून म्हणता येणार नाही. पण कोणीतरी पाहिल्या होत्या, चाखल्या होत्या आणि त्यांतला फरक ओळखला होता, एवढे नक्की.

दुसरीकडे मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांसाठी जे अभक्ष्य सांगितले, त्यात लसूण, कांदा आणि छत्र्या एकाच यादीत आहेत. गंमत अशी, की कांदा-लसूण आमच्यासारख्यांच्या स्वयंपाकघरात केव्हाच रुळले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेली मिरची तर अशी मुरली, की ती परदेशी आहे हे सांगितले तर कोणाला पटत नाही. टोमॅटोही मूळचा अमेरिकेचाच. त्यालाही आपण पाट मांडला. बाहेर राहिली ती आपल्याच मातीतली छत्री. तिला नावही काय दिले, तर 'कुत्र्याची छत्री'.

आता तो माझा तुकडा. १९७०च्या दशकात रायगड जिल्ह्यात (तेव्हाचा कुलाबा) एका गावच्या शाळेत मी नव्याने लागले होते. आठवीत वाडीवरचा एक ठाकर मुलगा होता. जूनच्या शेवटी एका सकाळी तो सागाच्या पानात बांधलेली पुडी घेऊन माझ्या खोलीवर आला. "बाई, वारुळावरची हाय. ताजी हाय." आत अळंबी होती. मी हसून घेतली आणि तो वळल्यावर खोलीमागच्या उकिरड्यावर टाकून दिली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याने विचारले, "बाई, भाजी कशी झाली?"

"छान झाली," मी म्हणाले.

मला विषाची भीती वाटली होती, हे खरे. ती अगदीच चुकीचीही नव्हती. रानातल्या काही छत्र्या माणूस मारतात आणि अनोळखी छत्री आजही कोणी तोंडात घालू नये. पण खरे सांगायचे तर भीतीपेक्षा किळस जास्त होती. भीतीच असती तर मी त्याला विचारले असते, की बाबा रे, तू ही ओळखतोस कशी?

त्याने नक्की सांगितले असते. वारुळावरची अळंबी वाळवीच पोसते. वाळवी पोटात पालापाचोळा भरून आणते, त्यावर बुरशीची बाग लावते आणि तिच्यावर जगते. हा उद्योग सुमारे तीन कोटी वर्षे चालू आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. कोणते वारूळ, कोणता पाऊस, कोणते दिवस, हे सारे त्या मुलाला वयाच्या तेराव्या वर्षी पाठ होते. मी त्याला पानिपत शिकवत होते आणि त्याच्या इतिहासाची पुडी उकिरड्यावर टाकत होते.

असो. भाजी अशी. धिंगरी सुरीने न कापता हाताने रेषेरेषेने फाडायची. तेलात मोहरी, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा. मग हळद, टोमॅटो आणि धिंगरी. पाणी घालायचे नाही, तिचेच सुटते. ते आटेपर्यंत मोठ्या आचेवर परतायचे, मग मीठ आणि मूठभर ओले खोबरे. भाकरी तांदळाचीच हवी. एकाच रोपाचा दाणा भाकरीत आणि पेंढा भाजीत, असे जेवण दुसरे कुठले असेल?

तो मुलगा आता साठी ओलांडून गेला असेल. कुठे आहे, मला माहीत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला हमरस्त्याच्या कडेला बायका पानांवर अळंबीचे वाटे मांडून बसतात. हल्ली मी तिथे थांबते. भाव करत नाही. कुठल्या वारुळावरची, कधी उगवली, घरी कशी करता, एवढे मात्र विचारते. त्या हसतात, पण सांगतात.